पुलियाखालचा दिवस

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या जुन्या तुकडीतून फोन आला. बोलणारा सुभेदार वयानं लहान होता, मला ओळखत नव्हता. तुकडीचा इतिहास छापायचा आहे, म्हणाला. ज्या उन्हाळ्यात सरहद्दीच्या बर्फाळ डोंगरावर लढाई झाली, तेव्हा जे ड्रायव्हर होते, त्यांनी आपल्या आठवणी लिहून पाठवाव्यात, भाषा कोणतीही चालेल. मी बरं म्हणालो, फोन खिशात टाकला आणि सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढायला गेलो. पुढचे पंधरा दिवस एक ओळ लिहिली नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, नेर तालुक्यात आहे. सतरा वर्षं मी रसद पोचवणाऱ्या तुकडीत ट्रक चालवला. बंदूक होती, पण ती सीटच्या मागे अडकवलेली असायची. गावाला हे कधी पटलं नाही. निवृत्त होऊन आलो त्या वर्षी शाळेत झेंडावंदनाला बोलावलं, आणि हेडमास्तरांनी मुलांना सांगितलं की मी शत्रूच्या चौकीवर चढून गेलो होतो. मी गप्प बसलो. पुढच्या वर्षी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "सर, मी गाडी चालवत होतो. रॉकेल, पीठ, मोजे, हेच नेत होतो."

ते हसले आणि माइकवर म्हणाले की खरा जवान असाच नम्र असतो. टाळ्या पडल्या. त्यानंतर मी सांगायचं सोडून दिलं. गोष्ट दर वर्षी थोडी वाढत गेली आणि मी तिच्या आत बसून राहिलो.

लढाई म्हटलं की लोकांना वर चढणारा शिपाई दिसतो. त्या शिपायाला तिथे प्यायला पाणी नसतं. बर्फ वितळवावा लागतो, त्याला स्टोव्ह लागतो, स्टोव्हला रॉकेल. रॉकेल खालून ट्रकनं यायचं, पुढे खेचरांवर, आणि शेवटी माणसांच्या पाठीवर. रस्ता करणारे वेगळे, गाड्या दुरुस्त करणारे वेगळे, रोट्या भाजणारे, जखमींना उचलणारे, पत्रं वाटणारे वेगळे. वर एक माणूस लढायचा तर खाली ही सगळी साखळी चालू राहावी लागे. त्या साखळीत माझी जागा एका ट्रकच्या स्टीयरिंगमागे होती.

माझा जोडीदार ड्रायव्हर आमच्याच जिल्ह्यातला, झरी जामणीकडचा. घरी कोलाम आदिवासींची कोलामी बोलणारा. जिल्ह्याच्या एका टोकाचा तो, दुसऱ्या टोकाचा मी. दोघांचं जमलं ते बोलीमुळे. बाकी सगळे हिंदीत बोलत, आम्ही दोघं केबिनमध्ये वऱ्हाडीत.

त्या दिवशी आमचा ताफा उशिरा निघाला होता. एक धोक्याचं वळण होतं, समोरच्या डोंगरावरून शत्रूला सरळ दिसणारं. ते अंधारातच ओलांडायचं असा नियम होता. आम्ही तिथे पोचलो आणि उजाडलं. पुढच्या ट्रकजवळ तोफेचा गोळा पडला. त्याचं इंजिन गेलं, त्यातले दोघंही जखमी झाले. जखमींना उचलणाऱ्यांनी त्यांना रस्त्याकडेच्या चरातून ओढत नेलं. ट्रक मात्र वळणावर आडवा राहिला. उजवीकडे कडा, डावीकडे खोल नदी, मागे गाड्यांची रांग. हुकूम आला की गाड्या सोडा आणि आडोसा घ्या.

आमच्यापाशी आडोसा एकच होता, रस्त्याखालच्या पुलियाचा, म्हणजे छोट्या मोरीचा, सिमेंटचा पाइप. आम्ही त्यात शिरलो. उभं राहता येत नव्हतं, नीट बसताही येत नव्हतं. ढोपरं छातीशी, पाठ वाकलेली, बुडाखालून वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहतंय. आणि आमचा रॉकेलनं भरलेला ट्रक बरोबर डोक्यावर उभा.

दर थोड्या वेळानं गोळा पडे. आधी शीळ ऐकू यायची, मग पाइप आतून दणाणायचा आणि तोंडात सिमेंटची धूळ जायची. काही तासांनी जोडीदार म्हणाला, "भाऊ, गाडीले गोळा लागला त रॉकेल खाली कुठून वाहीन?"

"मले काय माहीत."

"इथूनच वाहीन. पाणी जिथून येऊन राह्यलं, तिथूनच."

मला ते सकाळपासून माहीत होतं. मी म्हणालो, "चूप राय ना बाप्पा."

दुपार झाली असेल. पाइपाच्या तोंडाशी एक चेहरा दिसला. गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीतला हवालदार पोटावर सरपटत आला होता. त्यांची ओढगाडी वळणापलीकडे उभी होती. बंद ट्रकला साखळी लावून झाली होती. पण ओढताना ट्रक नदीत जाऊ नये म्हणून स्टीयरिंगवर माणूस हवा होता. "एक ड्रायव्हर चाहिए," तो म्हणाला.

पाइपाच्या तोंडाशी मी होतो. मीच आधी बाहेर पडायला हवं होतं. मी पायांना सांगितलं, ऊठ. पाय हलले नाहीत. ते बधिर झाले होते असं पुढे मी स्वतःला अनेक वर्षं सांगितलं. बधिर झाले होतेच, पण माझ्यामागे बसलेल्याचेही झाले होते. तो माझ्या अंगावरून, माझ्या खांद्यावर गुडघा टेकवून बाहेर गेला.

ओढगाडीचा आवाज आला, साखळी ताणल्याचा आवाज आला. मग शीळ. ट्रक वळणाबाहेर निघाला तेव्हा माझ्या जोडीदाराच्या उजव्या पायात गोळ्याची कपची घुसली होती. तशातही त्यानं ट्रक शेवटपर्यंत सरळ धरला. रस्ता मोकळा झाला. कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं, आणि मग मी बाहेर आलो. गाडी चालवली, रॉकेल पोचवलं. साहेबांनी पाठ थोपटली. जोडीदाराचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तो घरी गेला. मी नोकरी करत राहिलो, मग मीही घरी आलो. नेरहून झरी जामणीला जायला किती एसट्या बदलाव्या लागतात हे मी कितीदा तरी विचारून घेतलं होतं. गेलो नाही.

त्या फोननंतर पंधरा दिवसांनी मी गेलो. बायकोला सांगितलं, जुन्या दोस्ताला भेटून येतो. यवतमाळ, पांढरकवडा, पुढे मिळेल त्या गाडीनं. तो घरासमोर खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता, लाकडी पाय बाजूला काढून ठेवलेला. मला त्यानं ओळखलं. "बस," म्हणाला, "बायको पाणी आणते."

चहा झाल्यावर मी सगळं एका दमात सांगितलं. पाय हलले नाहीत ते, गावातली ती गोष्ट, सगळं. तो शेंगा सोलत ऐकत होता.

"तू गेलता माह्या अंगावरून," मी म्हणालो. "मी गेलो असतो त तुहा पाय राह्यला असता."

"तुले काय वाटते, मी बहादरीनं गेलतो?" तो म्हणाला. "मले त्या पाइपात श्वास येत नव्हता. अजून थोडा वेळ बसलो असतो त मी ओरडलो असतो, नाही त तुले चावलो असतो. हवालदारानं ड्रायव्हर मांगला आन् मले वाटलं, सुटलो. मले बाहीर पडाचं होतं. बस, एवढंच."

मग पुढची शेंग उचलत म्हणाला, "लोकं मले बहादर म्हणते. मीबी खरं सांगतलं नाही कोणाले."

मला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती, तसं वाटलं नाही. त्याचा पाय तर गेलाच होता, आणि माझ्या जागी तो गेला हेही खरंच होतं. पण इतकी वर्षं त्या पाइपात मी एकटाच बसलोय असं जे वाटत होतं, ते तेवढं गेलं.

घरी येऊन चार पानं लिहिली. पाठवायच्या आधी बायकोला वाचायला दिली. तिनं चुलीजवळ बसून वाचली, घडी करून परत दिली आणि भाकरी थापायला लागली. दुसऱ्या दिवशी मी पानं टपालात टाकून आलो.

तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "त्यायच्या घरी कोण कोण आहे?"

"बायको आहे. पोरगी सासरी गेली."

"तूर निघाली का जाऊ," ती म्हणाली. "मले त्यायले भेटाचं आहे."

तूर निघाल्यावर आम्ही दोघं गेलो.