हळिवाचा किल्ला

तेवीस डिसेंबर, शनिवार. मातीच्या चार गोण्या, वाळूची एक आणि एक निळी ताडपत्री, मिळून सत्तेचाळीस डॉलर. हजर: मी, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. बायको हजर नव्हती, आणि सगळं त्यामुळेच सुरू झालं.

डिसेंबर लागताच ती नागपूरला गेली होती. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि त्याच फेरीत अमेरिकेच्या व्हिसाचं स्टॅम्पिंगही उरकून घ्यायचं ठरलं होतं. एका तिकिटात दोन कामं. इथे आमच्यासारखे सगळेच असा विचार करतात आणि त्यातले काही जण दरवर्षी अडकतात. या खेपेला आम्ही अडकलो. मुलाखत झाली, पासपोर्ट ठेवून घेतला आणि आणखी तपासणी चालू आहे एवढंच कळलं. वर्षअखेरीचं परतीचं तिकीट तिने कॅन्सल केलं.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या त्या भाड्याच्या घरात मी आणि दोन मुलं उरलो. शाळेला नाताळची सुट्टी लागलेली, माझी रजा उन्हाळ्यातच संपलेली. मॅनेजरने घरून काम करायला परवानगी दिली, हेच खूप होतं. बाहेरच्या थंडीत मुलांना थोडा वेळ सोडायचं म्हटलं तरी त्याहून जास्त वेळ त्यांना कपडे चढवण्यात जायचा. पहिल्या दिवशी पत्ते झाले, दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या उशांचं जहाज झालं. तिसऱ्या दिवशी मी एका मीटिंगमध्ये बोलत असताना मुलगा बाथरूममधून ओरडला, “बाबाऽऽ, आय ॲम डन!” माझा आवाज म्यूट नव्हता. डेट्रॉइटपासून पुण्यापर्यंत सगळे हसले. मी नाही हसलो.

किल्ल्याची आठवण मुलीने काढली.

“दिवाळीला तू प्रॉमिस केलं होतंस.”

“दिवाळीत वेळ झाला नाही. आता नाताळात कुणी किल्ला करतं का?”

“हू विल चेक, बाबा?”

खरंच होतं. तपासायला कोण येणार होतं?

आम्ही दुकानातून माती आणली. बाहेरची जमीन दगडासारखी गोठलेली होती, त्यामुळे विकतच्या मातीला पर्याय नव्हता. दिवाणखान्यात अंगणाकडे उघडणाऱ्या काचेच्या दारापाशी उजेड चांगला येतो, म्हणून तिथे ताडपत्री दुहेरी अंथरली. खाली पांढरट कार्पेट होतं आणि घरमालक कंपनीकडे आमचं एकोणीसशे डॉलर डिपॉझिट होतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून एक मिनिटही गेली नाही.

आत सामानाचे रिकामे खोके, त्यांवर बासमतीच्या कापडी पिशव्या आणि वरून चिखल. कुंड्यांसाठी विकतात ती माती फार भुसभुशीत असते, ती धरून राहीना, म्हणून तिच्यात वाळू आणि थोडी कणीक मळली. कणकेची कल्पना मुलीची. बुरूज मी प्रमाणात काढायला निघालो, तर तिने माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. “बाबा, हे तुझं ऑफिस नाहीये.” मावळे नव्हतेच. मुलाने आपल्या खेळण्यांतला अंतराळवीर महादरवाजावर उभा केला, दोन डायनोसॉर पायथ्याशी ठेवले आणि बुद्धिबळातला पांढरा राजा सगळ्यात वर बसवला.

मग मी त्यांना हळिवाचं सांगितलं. माझ्या लहानपणी आम्ही किल्ल्याच्या उतारांवर हळीव पेरायचो आणि दोन-तीन दिवसांत डोंगर हिरवा व्हायचा. बायको थंडीत हळिवाचे लाडू करते, त्यामुळे बरणी घरात होतीच. मुलीने बरणीतलं निम्मं हळीव आईच्या लाडवांसाठी बाजूला ठेवलं आणि मग बी एकेक चिमूट दाबत बसली. मुलगा पाणी शिंपडणार, असं ठरलं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं मला उठवायला आली. उतारांवर बारीक हिरवं आलं होतं.

त्या दिवसापासून सुट्टी बदलली. मला मीटिंगमध्ये कुणी हाक मारीना. सकाळी पाणी, दुपारी उजेडासाठी पडदा सरकवणं, संध्याकाळी मुलीची कात्री. हळीव वाढून आडवं पडायला लागलं की ती शाळेच्या कात्रीने ते वरून छाटायची, म्हणजे ते दाट आणि आखूड राहील. भाऊ कापलेलं चाखून बघायचा आणि “स्पायसी!” म्हणून नाचायचा.

तिने एक नियमही केला. आईला काही सांगायचं नाही. आईचा फोन आला की ती फोन घेऊन जिन्यावर जाऊन बसायची, म्हणजे मागे भिंत दिसेल.

“काय गं, जिन्यात का बसलीस? बाबाने घराबाहेर काढलं का?” बायको विचारायची.

“नथिंग, आई. तू कधी येणार ते सांग.”

फोटो काढायलाही मला बंदी होती. “तू तिला पाठवशील. आय नो यू.” आईने स्वतः, दारातून आत येताना, हिरवा किल्ला बघायचा होता. आई येईपर्यंत तो हिरवा ठेवायचा, एवढंच तिचं त्या सुट्टीतलं काम होतं आणि ते तिने माझ्या कुठल्याही कामापेक्षा मन लावून केलं.

एकतीस तारखेला दारात चिठ्ठी मिळाली. दोन जानेवारीला सकाळी मेंटेनन्सचा माणूस हीटिंगचा फिल्टर बदलायला घरात येईल. दरवर्षी येते तशीच चिठ्ठी. पण माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस, फोटो काढणारा त्याचा फोन आणि कार्पेटवरचा पाऊण टन चिखल आला. पाऊण टन नव्हता, पण तसा वाटला.

“किल्ला गॅरेजमध्ये नेऊ या,” मी म्हटलं.

“तिथे थंडी आहे.”

“गॅरेज घराला चिकटून आहे. गोठणार नाही. मी रोज बघतो ना, तिथे पाण्याच्या बाटल्या असतात, त्या कधी गोठतात का?”

तिने थोडा विचार केला. “शुअर?”

“शुअर.”

आता हे सांगायला हवं की माझी नोकरी गाड्यांच्या सुट्या भागांची थंडीत चाचणी घेण्याची आहे. उणे चाळीसला रबर किती वेळात तडकतं ते मला विचारा. म्हणून तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

एक तारखेला दुपारी आम्ही ताडपत्रीखाली खोक्यांचे पुठ्ठे सरकवले आणि तिघांनी मिळून किल्ला ओढत नेला. उंबऱ्यावर एक बुरूज ढासळला, तो तिने जागच्या जागी नीट केला. किल्ल्याला जागा करायला मी गाडी आधीच बाहेर लावली होती. कार्पेट पुसून कोरडं केलं आणि पुढेमागे वाद नको म्हणून त्याचे फोटो काढून ठेवले. ते काढायला मला बंदी नव्हती.

गॅरेजमधल्या बाटल्या का गोठत नव्हत्या, याचं कारण ती बाहेर लावलेली गाडी होती. एरवी मी ऑफिसातून आलो की रोज संध्याकाळी तापलेलं इंजिन आत यायचं आणि रात्रभर जागा ऊबदार ठेवायचं. त्या रात्री बाहेर उणे सतरा होतं.

सकाळी मुलगी पाणी घालायला गेली. ती परत आली नाही, म्हणून मी गेलो. हळीव गडद झालं होतं, उकडलेल्या पालकासारखं, आणि मातीला चिकटलं होतं. माती कडक झाली होती. ती पाण्याचा पेला हातात धरून उभी होती.

“उन्हात ठेवलं तर होईल?” तिने विचारलं.

मी नाही म्हणालो. काहीतरी गोड बोलायला हवं होतं, पण मला सवय नाही.

नंतर फिल्टर बदलणारा आला. बूट दारातच काढले, थेट तळघराकडे गेला, पाच मिनिटांत वर आला आणि हॅपी न्यू इयर म्हणून निघून गेला. दिवाणखान्याकडे त्याने मान वळवलीसुद्धा नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी म्हटलं, “पुन्हा पेरू या. बरणीत हळीव आहे अजून. आई यायच्या आत येईल.”

“शाळा आहे उद्यापासून,” ती म्हणाली. तिने दप्तर भरायला घेतलं. मी जोर केला नाही. त्या वेळी मीटिंग होती. आज वाटतं, मी एकट्याने तरी पेरायला हवं होतं. बी ओलं करायला असा किती वेळ लागतो?

पासपोर्ट त्याच आठवड्यात सुटला. नऊ तारखेला आम्ही तिघं विमानतळावर गेलो. परत येताना मुलगा मागच्या सीटवरून सगळं बडबडून मोकळा झाला: किल्ला, अंतराळवीर, स्पायसी गवत. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. घरी पोचल्यावर बायको कोट न काढता थेट गॅरेजमध्ये गेली. किल्ल्यावर मुलीची जुनी चादर होती. बायकोने ती उचलली आणि वाकून बघितलं.

“अगंबाई! एवढा मोठा? आणि बुरूज किती छान झालेत.”

“इट वॉज ग्रीन,” मुलगी म्हणाली. “खरंच हिरवा होता, आई. बाबाला विचार.”

“होता,” मी म्हटलं.

बायकोने तिला जवळ घेतलं आणि हिरवा कसा दिसत होता ते सांगायला लावलं. मुलगी सांगत राहिली, पण लवकर थांबली. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मी माती झाडांच्या मुळाशी टाकली. पांढरा राजा धुऊन डब्यात ठेवला.

दोन वर्षांनी आम्ही ते घर सोडलं. कार्पेट नीट ठेवल्याचा पुरावा म्हणून मी ते एक जानेवारीचे फोटो घरमालक कंपनीला पाठवायला शोधून काढले. सगळे कार्पेटचे. एकात मात्र वरच्या कोपऱ्यात ताडपत्रीची निळी कड आहे आणि तिच्यावर बोटभर हिरवा उतार. गॅरेजच्या उघड्या राहिलेल्या दारातून तेवढाच आला होता. तो फोटो मी बायकोला दाखवला. तिने तो दोन बोटांनी मोठा केला, फार मोठा केल्यावर नुसते हिरवे चौकोन दिसायला लागले.

मुलीला बोलावलं. ती आता अकरा वर्षांची. तिने बघितलं, “ओह. येस,” म्हणाली आणि तो स्वतःच्या फोनवर पाठवून घेतला.

कंपनीने कार्पेट जुनं झालं म्हणून नाहीतरी काढूनच टाकलं. एकोणीसशे डॉलर, एक सेंटही न कापता, माझ्या खात्यात जमा झाले.