सड्यावरचं घर आणि पालखीची वाट

मी चिपळूणची. नदी चढली की सामान माळ्यावर न्यायचं आणि ओसरली की चिखल उपसायचा, यातच माझं लहानपण गेलं. त्यामुळे लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या एका वाडीत आले आणि वाटणीत आमच्या वाट्याला गावाच्या डोक्यावरचा, सड्याचा तुकडा आला, तेव्हा जावा हळहळल्या, मी मात्र मनातून नाचले. नुसता काळा कातळ, पावसाळ्यात गवत आणि चहूबाजूंनी वारा. तिथवर कुठल्याही नदीची पोच नव्हती. इथंच घर बांधायचं, असं मी नवऱ्याला त्याच दिवशी सांगून टाकलं. तो म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे 'नाही'च असतं, पण माझ्यापुढे ते फार दिवस टिकत नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सड्यावर तोवर कुणी घर बांधलं नव्हतं. घरं सगळी खाली वाडीत, नारळी-पोफळीत, एकमेकांच्या अंगणात डोकावणारी. वर गुरं चरायची आणि पोरं क्रिकेट खेळायची. तिथं घर बांधायचं तर तालुक्याहून बिनशेतीची परवानगी हवी आणि त्याआधी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. नवऱ्यानं अर्ज दिला. तो देवळात भरलेल्या सभेत वाचला गेला. मी बायकांबरोबर खांबाआड बसले होते.

विरोधाला उभे राहिले आमचे थोरले काका. नवऱ्याचे चुलते, पंचायतीचे सदस्य आणि ग्रामदेवीच्या पालखीचे मानकरी.

"सड्यावर वारा हाय, पाणी नाय," ते म्हणाले. "माणसानं काय वारा प्यायचा? आज ह्यांचा एक घर, उद्या मुंबयवाले येतील, प्लाट पाडतील. मग गुरां काय रस्त्यावर चरवायची?"

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता. पण त्यांचा शेवटचा मुद्दा सगळ्यांत भारी होता. शिमग्यात देवीची पालखी गावातल्या घरोघरी जाते, अंगणात नाचते, घरची बाई ओटी भरते. काका म्हणाले, "जिथं पालखी जात नाय, ता घर गावात नाय. आन् त्या पाखाडीनं पालखी काय वर चढायची नाय." पाखाडी म्हणजे सड्यावर जाणारी चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. आमची अगदी उभी चढण होती.

"वर घर नाही म्हणून पालखी चढत नाही," मी खांबाआडून बोलून गेले, "आणि पालखी चढत नाही म्हणून घर बांधायचं नाही. मग झालंच की!"

नवरा स्वतःच्या पायांकडे बघत बसला. काकांनी वळून विचारलं, "कोण बोल्ला?" कोण बोललं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

सरपंचांना जेवायला घरी जायचं होतं. त्यांनी झटकन तोडगा काढला. येत्या शिमग्यात पालखी वर नेऊन बघायची. चढली तर दाखला, नाही तर विषय संपला.

शिमग्याला मुंबईहून आलेले चाकरमानी या गोष्टीवरून इरेला पेटले. आम्ही दोघांनी कातळावर चुन्यानं घर आखलं. दाराच्या जागी दोन बांबू रोवून तोरण बांधलं, पुढ्यात रांगोळी काढली. पाट, नारळ, खण, हळद-कुंकू सगळं वर नेलं. पालखीबरोबरच्या मंडळींसाठी डबाभर बेसनाचे लाडू केले. ऊन चांगलंच तापलं आणि खालून ढोल ऐकू यायला लागला. थोडा वर यायचा, थांबायचा, पुन्हा वर यायचा. मध्येच एकदा थांबला तो वाजेचना. बुडालं आपलं घर, असं म्हणून मी मटकन पाटावरच बसले. तेवढ्यात आरोळी उठली आणि पाखाडीच्या तोंडाशी पालखीचे गोंडे दिसले.

वाडीतल्या अंगणात पालखी नाचवायची तर इकडे तुळस सांभाळा, तिकडे पडवीचं छप्पर सांभाळा. इथं आडवं यायला काही नव्हतंच. पोरांनी पालखी अशी नाचवली की ढोलवाले तिच्यामागे धावत होते. मी ओटी भरताना रडले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

मग मी लाडू वाटले. सगळ्यांनी ते तोंडात टाकले आणि काका धापा टाकत म्हणाले, "पाणी दे गो, सूनबाय."

मी वळले आणि जागीच थिजले. ओटीच्या ताटापासून लाडवांपर्यंत सगळं वर आलं होतं, पाणी तेवढं आलं नव्हतं. चिपळूणच्या पोरीला पाणी घराबाहेर कसं ठेवायचं तेवढंच कळतं. ते आणून ठेवावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आख्ख्या सभेसमोर काकांनी जे सांगितलं होतं, तेच मी त्यांना वर बोलावून दाखवलं होतं. कोरड्या बेसनाचा तोठरा बसलेलं सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. नवरा कळशीभर पाणी आणायला पाखाडीकडे पळाला.

काका चुन्याच्या रेघेवर बसले. बोट फिरवून त्यांनी तोंडातला लाडू कसाबसा सोडवला. मी मान खाली घालून उभी होते.

"घर असता तर पाणी असता," ते म्हणाले. "पुढल्या शिमग्याक मी असा सुक्या घशानं बसायचा नाय. सरपंच, देऊन टाका दाखला."

दाखल्याबरोबर ठरावात दोन अटी घातल्या गेल्या. पुढचं अंगण कायम मोकळं ठेवायचं, त्याला गडग्याचं दगडी कुंपण घालायचं नाही. आणि शिमग्याला दारात पाण्याचा रांजण भरलेला हवा. तालुक्याच्या कचेरीतला कारकून दुसरी अट वाचून इतका हसला, की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून बघायला आले.

पुढच्या शिमग्याला आमचं घर खिडक्यांपर्यंत आलं होतं, वर छप्पर नव्हतं. मी मात्र पहाटेपासून वाडीतल्या विहिरीवरून हंडे वाहत होते, आणि प्रत्येक पायरीला स्वतःला शिव्या घालत होते. पालखी नाचली. काका जोत्यावर टेकले. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले आणि मिशा पुसत त्यांनी बिनछपराच्या भिंतींकडे पाहिलं.

"सूनबाय," ते म्हणाले, "आता तुजा घर गावात आला."

मी रांजणात तांब्या बुडवला आणि भरून पुन्हा त्यांच्यापुढे धरला.