मामाच्या पावलांचा माग

बाबांनी मला गावच्या फाट्यावर एसटीत बसवलं नाही. उजाडताच जंगलातून चालवत थेट हायवेवर नेलं. फाट्यावर गावातली माणसं असतात, आणि तेव्हा गावात आमच्याशी कुणी बोलत नव्हतं. माझ्या बॅगेत नर्सिंगची सर्टिफिकेट्स आणि बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलचं ऑफर लेटर होतं. बस दिसली तसे बाबा म्हणाले, "कोणी इचारलं त बापाचं नाव सांगजो, काम नको सांगू."

बाबा वाटाडे होते. जंगलात बंडखोरांच्या मागावर निघालेल्या तुकडीपुढे चालायचे. दबलेलं गवत पाहून किती माणसं गेली, कधी गेली, हे सांगायचे. बंडखोरांनी त्यांच्या भावाला खबऱ्या समजून मारलं, तेव्हा ते आपणहून कॅम्पवर गेले होते. मग एका सकाळी त्यांनी काढलेला माग माझ्या मामापाशी संपला. मामा बंडखोरांना तांदूळ पोचवायचा. त्या गोळीबारात तो गेला.

"मले का माहीत, तो हाय म्हणून," एवढंच बाबा आईला म्हणाले. ती त्यांना जेवायला वाढायची, बोलायची नाही.

मी इकडे बर्मिंगहॅमला आल्यावर गावानं त्यांना घर सोडायला लावलं. दोघं तालुक्याला एका खोलीत राहायला गेले. पुढे कॅम्प हलला, साहेब बदलले, आणि बाबांचं नाव कुठल्याच कागदावर सापडेना.

इथलं शिफ्ट बदलतानाचं हँडओव्हर, बसपास, कौन्सिल टॅक्स, सगळं अंगवळणी पडलं. वॉर्डमधल्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी वडिलांबद्दल विचारतात. "फॉरेस्टमध्ये होते," मी म्हणते. तसं ते खोटं नाही.

गेल्या फेब्रुवारीत डे ऑफला लायब्ररीत जुन्या फोटोंचं प्रदर्शन पाहिलं. त्यात अमेरिकेतल्या अपाची जमातीचे स्काउट, म्हणजे वाटाडे होते. अंगात सैन्याचे कोट, डोक्याला फडकी. सैन्याला आपल्याच लोकांचा डोंगरातून माग काढून देणारी माणसं. मी हलेना, तशी तिथली म्हातारी व्हॉलंटियर जवळ आली. "लढाई संपल्यावर आर्मीनं यातल्या कित्येकांनाही कैद केलं, लव्ह. ज्यांना शोधून दिलं, त्यांच्याबरोबरच ट्रेननं लांब पाठवलं."

बाहेर बसस्टॉपवरूनच मी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"एकाच गाडीत?" त्यांनी विचारलं. "मंग त्यायच्या बाजूले कोण बसलं असन?"

"माहीत नाही, बाबा."

"तुझा मामा उजवा पाय ओढत चाले. चिखलात तसाच माग होता. म्या ओळखला होता, पोरी."

"ओळखूनही तुकडीला तिकडे नेलंत?"

"हो. मले माहा भाऊ दिसत होता."

फोनवर भांडं आपटल्याचा आवाज आला. आई तिथेच होती. मग तिनं फोन घेतला. "ठेव आता," ती म्हणाली. "त्यायले जेवाचं हाय."

त्यानंतर या गोष्टीबद्दल आम्ही तिघं एक शब्द बोललो नाही. मामीला यातलं काही ठाऊक नाही. बाबा नकळत फसले असंच ती आजही समजते. मध्यंतरी तिनं निरोप धाडला, "पोरीचा का दोष? येऊ द्या तिले. माह्या घरी उतरन."

ॲन्युअल लीव्ह मंजूर झाली आहे. वॉर्डमध्ये सगळे विचारतात, "गोइंग होम?" मी हो म्हणते. त्या गावात माझ्यासाठी एकच दार उघडं आहे, मामीचं, आणि तेही तिला खरं माहीत नाही म्हणून. तिकीट अजून काढलेलं नाही.