आत सोबत कोण?

पहिलंच सांगतो, मी भुताखेताला मानणारा माणूस नाही. पोलिस ॲक्शन झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होतो, त्यावरून वय धरा. शेंद्र्याला शेतात एकट्यानं पाणी दिलं, मग चिकलठाण्याच्या कंपनीत तीस वर्षं घासली, मसणवाट्याजवळून सायकलवर आलो-गेलो. कधी काही दिसलं नाही. ज्याला दिसायचं त्याच्या तोंडाचा वास घ्या, असं मी म्हणायचो. शाळा सातवीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन बघू नका. शेजारच्या वत्सलाबाई पेपरातलं तुमचं सदर वाचतात. त्या म्हणाल्या, मनात ठेवून कुजू नका, लिहा. म्हणून लिहितोय...

माझी बायको वारली त्याला चौदा महिने झाले. तिला मी नावानं कधी हाक मारली नाही, शोभाची आई म्हणायचो. शोभा आमची एकुलती मुलगी. वय अडतीस, समज चार वर्षांच्या लेकराएवढी. बोलणं म्हणाल तर आई, पाणी, नको, हाय... बस, एवढंच. मोरीत पडून तिचा गुडघा मोडला, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा शेक आणि व्यायाम चालू होता.

तो जिथं चालू होता त्याच क्लिनिकात शोभाची आई एकोणीस वर्षं कामाला होती. प्रायव्हेट क्लिनिक, नाव लिहीत नाही. जालना रोडच्या आतल्या गल्लीत, खाली औषधाचं दुकान, अठरा पायऱ्या चढून वर. वर गेलं की समोर नावं लिहून घेणाऱ्या नझमाचं टेबल, भिंतीला बाकडं, आत तीन खाटा. प्रत्येक खाटेला पांढरा पडदा आणि पडद्याच्या आत एक लोखंडी स्टूल. झाडझूड सोडली तर त्या स्टुलावर बसणं हेच तिचं मोठं काम. डॉक्टरीणबाईंचा नियम होता — खाटेवर बाई असली, लेकरू असलं, नाहीतर आमच्या शोभासारखं कुणी असलं, तर पडद्याच्या आत आणखी एक माणूस पाहिजेच. नझमाच्या रजिस्टरात त्याचा रकाना होता, 'आत सोबत कोण'. त्यात ती 'मावशी' लिहायची. शोभाच्या आईला तिथं सगळे मावशीच म्हणत.

ती नुसती बसायची नाही. हातात अडकित्ता असायचा. क्लिनिकात सुपारी चालत नव्हती, म्हणून रिकामाच वाजवायची. कट... कट. मी एकदा म्हणालो, काय येड्यावाणी वाजवत बसतीस. तर म्हणाली, "पालथं झोपलेल्या माणसाला दिसत नाय. कानाला तरी कळावं ना, आपण एकटं नाय म्हणून."

शोभाला तर प्रत्येक वेळी सांगायची, आता पाय उचलणार हां, आता गरम लागंल. मी म्हणायचो, तिला काय कळतंय. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, तुम्हाला तरी कुठं कळतंय, तरी सांगतेच की.

तीन दिवसांच्या तापात गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं. अडकित्ता मी राखेबरोबर पैठणला गोदावरीत सोडला, माझ्या हातानं. दहाव्याला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, तास झाला, लोक उपाशी ताटकळले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, बोला काहीतरी, तिचा जीव कशात अडकलाय ते तुम्हालाच ठाव." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण म्हणालो, "शोभाला डोळ्याआड करणार नाय." शब्द संपायच्या आत कावळा पिंडावर. मी मनात म्हणालो, भूक लागली असंल त्याला.

महिनाभरानं शोभाला परत क्लिनिकात न्यायला लागलो. डॉक्टरीणबाई लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या होत्या. सगळा कारभार, शेक-व्यायामसुद्धा, एका नव्या माणसाच्या हातात. तो शोभाच्या आईच्या माघारी कामाला लागलेला, त्यानं तिला कधी बघितलंच नव्हतं. चांगला नीटनेटका, गोड बोलायचा, सगळे सर म्हणायचे. नवी मावशी ठेवा असं बाई सांगून गेल्या होत्या, पण हा म्हणायचा मिळत नाही. मला म्हणाला, काका, तुम्ही बाहेर बसा, आत गर्दी नको.

खरं सांगतो, मला बरंच वाटलं. वयात आलेली मुलगी, गुडघा उघडा टाकून झोपणार, तिथं बापानं काय बसायचं? लाज वाटली. बाकड्यावर जाऊन बसलो.

शोभाचे गाऊन तिची आई शिवायची, पुढून गुंड्यांचे. सकाळी वत्सलाबाई तिला आंघोळ घालून गुंड्या लावून द्यायच्या. त्या दिवशी घरी आल्यावर बघितलं तर गळ्याची, सगळ्यात वरची गुंडी भलत्याच काजात. मला वाटलं, हिनंच चाळा केला असंल. दुसऱ्या खेपेलाही तसंच. घरी ती जेवेना, मी पाणी द्यायला जवळ गेलो तरी अंग चोरायची. आई गेली, त्याचं असंल, मी म्हणालो. तिसऱ्या खेपेला ती खालच्या पायरीवरच बसली. "नको." कठडा सोडेना. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि हात धरून वर नेली. अठराच्या अठरा पायऱ्या ती नको म्हणत होती.

गुडघ्याच्या शेकाला गळ्याच्या गुंडीचं काय काम... हे मला सुचलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

दुपारचा एक वाजला होता. भर उन्हाची वेळ, बाकड्यावर मी एकटा, नझमा टेबलावर डबा खात होती. आत पडद्याच्या कड्या सरकल्या. मग जरा वेळ काहीच नाही.

मग कट.

मी लक्ष दिलं नाही. एवढी वर्षं ऐकलेला आवाज, माणूस कान देत नाही. पुन्हा कट... कट... आणि मला आठवलं, शोभाची आई तर मेली. नझमाकडं बघितलं, तिचा घास हातातच राहिला होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमनेबी सुना?"

मी मान हलवली. उठलो नाही. माझी मुलगी आत होती आणि मी उठलो नाही. भीती कशी असते ते मला म्हातारपणी कळलं. पंखा फिरत होता, खाली गल्लीत रिक्षा वाजत होत्या, सगळं रोजच्यासारखं, आणि आतून तो आवाज. आधी सावकाश होता. मग जलद व्हायला लागला, कटकट कटकट, चिडलेल्या माणसानं वाजवावा तसा. शोभाची आई भांडण उकरायच्या आधी अस्साच वाजवायची.

पडदा खसकन सरकला आणि तो माणूस बाहेर आला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. नझमाला म्हणाला, "मावशीला आत बसवायचं होतं तर मला आधी सांगायचं ना."

"कौनसी मावशी?"

"ती म्हातारी. हिरव्या साडीतली. स्टुलावर बसलीय. जा म्हटलं तर उठत नाही, नुसती बघतेय माझ्याकडं, पापणीपण हलवत नाही." मग आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघून तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही."

आम्ही त्याला काही विचारलंच नव्हतं.

तेव्हा ती गुंडी माझ्या डोक्यात पेटली. कसा उठलो माहीत नाही, त्याला ढकलून आत गेलो. शोभा खाटेवर उठून बसलेली. गाऊन नीट, गुंड्या सगळ्या जागच्या जागी, वरचीसुद्धा. ती स्टुलाकडं बघून हसत होती. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितली.

"आई हाय," ती म्हणाली.

स्टुलावर कुणी नव्हतं. मी हात लावून बघितला. पंख्याखालचं लोखंड, गार पाहिजे. ते गरम होतं, माणूस आत्ताच उठून गेल्यासारखं.

तुम्हाला वाटंल मला आनंद झाला, बायको येऊन गेली म्हणून. नाही. कावळ्यासमोर काय बोललो होतो ते आठवलं आणि त्या स्टुलाकडं वर मान करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा तो माणूस पायऱ्या उतरून गेला होता, बॅग तिथंच टाकून. नझमानं रजिस्टर उघडून माझ्यापुढं केलं. त्या दिवसाची ओळ, शोभाचं नाव, आत सोबत कोण — मावशी. मागची पानं उलटली. रोज मावशी. प्रत्येक बाईपुढं, प्रत्येक लेकरापुढं.

"मेरेकू आदत हो गई थी काका," ती रडायला लागली. "हाथ लिखता गया."

म्हणजे दीड महिना कागदावर माझी मेलेली बायको रोज आत बसत होती. खरोखर आत कुणीच नव्हतं.

नझमानं फोन केला तशा डॉक्टरीणबाई तिसऱ्या दिवशी परत आल्या. आधी पोलिसात गेल्या, मला आणि शोभाला बरोबर घेऊन. तिथं एका महिला पोलिसानं शोभाशी लई सबुरीनं, बाहुली देऊन गोष्टी केल्या. मग बाईंनी रजिस्टर घेऊन प्रत्येक घरी स्वतः फोन केले. दौलताबादची एक आई लेकराला घेऊन आली होती, तीही तेव्हा माझ्यासारखी बाहेर बाकड्यावरच बसायची. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. बाई म्हणाल्या, चूक माझी, मी गेले आणि नियम रकान्यापुरताच उरला. तो माणूस पुढं सापडला, केस चालू आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मी बाईंना त्याला दिसलेल्या म्हातारीचं विचारलं. त्या शिकलेल्या. म्हणाल्या, त्याच्या मनात पाप होतं, मनच दाखवतं. मी म्हणालो, असंल. पण क्लिनिकात ती कायम निळा कोट घालायची, भिंतीवरच्या फोटोतही निळाच आहे. हिरवं लुगडं त्याला कुणी सांगितलं? आणि आवाज तर मी ऐकला, नझमानं ऐकला. बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाल्या, काका, मला माहीत नाही.

आता तिथं नवी मावशी आहे. नझमा आधी पडद्याच्या आत डोकावते, मगच रकाना भरते. शोभाबरोबर मी स्वतः आत बसतो. पहिल्या दिवशी नझमानं विचारलं, काय लिहू. मी म्हणालो, बाप लिही. माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय. स्टूल तिथंच आहे, त्याच्यावर कुणी बसत नाही. नवी मावशीसुद्धा नाही, आणि तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

शोभा आता बरी जेवते. पायऱ्या आपल्या आपण चढते.

पण मूळ गोष्ट सांगायची राहिली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. तो माणूस गेला, मी आत बसतो, नवी मावशी आत असते, आता काय राहिलं? तरी कधीमधी माझ्या पाठीमागं वाजतं. कट. सावकाश, एकदाच. नवीला ऐकू येत नाही, मला येतं. शोभालाही येतं, ती मान वळवते. मी जिता-जागता बाप शेजारी बसलोय तरी ती उठून जात नाही, म्हणजे नजर आता कुणावर आहे?

मी मागं वळून बघत नाही. वाजलं की शोभाच्या गळ्याची गुंडी बघतो, बरोबर काजात आहे का.