पुसायला दिलेलं संगीत

लालासाब कोल्हापुरात स्टुडिओत साऊंडला होते. १९६८ साली एका सिनेमाचं पार्श्वसंगीत निर्मात्याला रडकं वाटलं. त्याचे कान फुटले असावेत. तेव्हा टेपची टंचाई, म्हणून तीच टेप पुसून परत द्यायचा हुकूम झाला. लालासाबांनी दुसरीच पुसलेली टेप दिली आणि संगीत घरी आणलं.

पुढं दर रविवारी ते ओळखीपाळखीच्यांना बोलावून ऐकवायचे. आधी पंखा बंद करायचे. कुणी कॅसेटवर मागितलं की भडकायचे, "बासरीवाल्याचा श्वास त्यात उतरत न्हाय! हितंच येऊन ऐका की!"

डोळे मिटले की खोलीत पंचगंगेवरचं धुकं उतरायचं.

एकदा मी विचारलं, "मग स्टुडिओला पुसून दिलेली टेप कसली होती?"

त्यांच्या पत्नी नजीराभाभी चहा ठेवत म्हणाल्या, "आमच्या निकाहची. मला इचारलं बी न्हाय."

आणि पंखा भाभींनीच बंद केला.