राबावरची वायर

कारगिलची लढाई सुरू झाली तेव्हा माझा नवरा नौदलात होता. तेलाच्या जहाजांचा समुद्रातला रस्ता सांभाळायला त्याची बोट गेली होती. निघण्याआधी फोनवर म्हणाला, "आमचं काम दोनच. रस्ता उघडा ठेवायचा आणि संपर्क तुटू द्यायचा नाही. बोट मधे बंदराला लागली की रविवारी सकाळी दुकानावर फोन करतो. लगेच परत निघू."

दुकान म्हणजे डोळखांबच्या अलीकडे, आमच्या पाड्याच्या फाट्यावरचं किराणा दुकान. सगळ्या पाड्याला फोन तेवढा एकच. रस्त्यावरच्या खांबापासून दुकानापर्यंतची काळी वायर आमच्या शेतावरून लोंबकळत गेली होती.

शुक्रवारी सासऱ्यांनी राब भाजला. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या रचून पेटवायच्या, ही आमच्याकडची दरवर्षीची पद्धत. तुकडाही दरवर्षी तोच. त्यावरून वायर गेलीय, हे सासऱ्यांच्या लेखी वायरवाल्यांनी बघायचं होतं.

जाळ वर चढला, वायर वितळून राबात पडली. दुकानदार धावत आला.

"आबा, पाकिस्तानला जमलं नाय ते तुमी केलंत! पोरगा तिकडं रस्ता राखतोय, नि तुमी इकडं लाईन जाळलीत?"

"मग राब कुठं भाजू, त्याच्या बोटीवर?" आबा म्हणाले. "भात नको का खायला?"

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने शहापूरच्या टेलिफोन ऑफिसात गेले, तक्रार नोंदवली. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "राबाच्या दिवसांत असंच असतं, बाई. आठवडाभरात होईल." आठवडाभरात बोट कुठल्या कुठे गेली असती. उलटा फोन करायला बोटीचा काही नंबर नव्हता.

रविवारी सकाळी तरीही मी दुकानाच्या ओट्यावर बसले. फोन मेला होता, पण जागा सोडवेना. आबाही येऊन बसले, जरा लांब. दोघांनी मिळून शेंगा फोडल्या.

शहापूरची एसटी फाट्यावर थांबली. कंडक्टरने दारातूनच हाक मारली.

"वहिनी! तुमच्या मिस्टरांचा निरोप हाय. इथं फोन लागंना म्हणून स्टँडाजवळच्या बूथवर केला त्यांनी, बूथवाला त्यांचा शाळेतला दोस्त हाय ना. बोट लागली, तब्येत बरी हाय. दुपारी परत निघणार. कुठं ते सांगता येत नाय म्हणाले, गुपित हाय."

"समुद्रात जाणार, दुसरं कुठं!" खिडकीतून एक म्हातारी म्हणाली. सगळी गाडी हसली. मीही हसले, दोन दिवसांत पहिल्यांदाच. एक रस्ता बंद झाला तर दुसरा काढायचा, एवढं तरी नौदलात नीट शिकवत असावेत.

"आणि विचारलंय," कंडक्टर म्हणाला, "फोन का लागत नाय? आमी परत गेलो की ते बूथवर पुन्हा फोन करणार हायेत. काय सांगू?"

मी आबांकडे पाहिलं. ते शेंगेत दाणा शोधत होते.

"सांग," मान वर न करता ते म्हणाले, "दुश्मनानं तोडला."

कंडक्टर माझ्याकडे बघत राहिला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"सांगा, घरी सगळे बरे आहेत," मी म्हटलं, "आणि यंदाचा राब चांगला भाजलाय."

तेवढ्यावरून तो काय ते समजेल, याची मला खात्री होती. त्याच शेतात वाढला होता.