बाके वाजत नव्हती तेव्हा

सभागृहातली माझी पहिली अडचण आमदार नव्हते. माझ्या कॅमेऱ्याचा आवाज होता. संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात सारी नोकरी केलेल्या बाईला शांतता मोडण्याची सवय नसते. निवृत्तीनंतर मी छायाचित्रण शिकले, एका छोट्या साप्ताहिकाने मला कर्नाटक विधानसभेच्या अधिवेशनाचा पास मिळवून दिला, आणि पहिल्याच दिवशी कळले की त्या उंच छताखाली शटर खोकल्यासारखे घुमते. म्हणून मी युक्ती काढली: बाके वाजली की बटण दाबायचे. कोणी टोला हाणला, बाके दणाणली, की त्या गदारोळात माझे काम उरकून जाई. परिणाम असा, की माझ्या साऱ्या छायाचित्रांत लोकप्रतिनिधी फक्त बाके वाजवत होते.

बाकीच्या अडचणी सर्वांच्याच होत्या. फ्लॅश चालत नाही, सदस्यांच्या कागदांवर लेन्स रोखायची नाही, कठड्याबाहेर कोपर काढायचे नाही. गॅलरीतून खाली पाहिले की दिसतात टकले, भांग आणि एखादा फेटा. काम दिसतच नाही. विधेयक वाचणारा आणि पेंगणारा, दोघेही वरून सारखेच. दोघांचीही मान खाली.

आमच्या संपादकांना नेमके तेच सोयीचे वाटे. ते सीमाभागातले, वयाने माझ्याहून बरेच लहान.

"अक्का, मान खाली घातलेला कोणीही चालतोय की ओ. झोपलाय म्हणून ओळ आम्ही घालतो."

"पण तो वाचत असला तर?"

"असू दे की. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. मुखपृष्ठाला पाहिजे. नाही मिळाला तर पुढच्या अधिवेशनाला दुसरं कुणीतरी बघावं लागंल."

मी "सरी" म्हणाले. बेंगळुरूतले माझे आयुष्य या एका कन्नड शब्दावर निभावले आहे. मल्लेश्वरमचा फुलवाला, वरच्या मजल्यावरची शेजारीण, कार्यालयातले साहेब, सर्वांना माझे उत्तर एकच: सरी. म्हणजे ठीक. म्हणजे तुम्ही म्हणाल तसे.

दुसऱ्या दिवशी एका विधेयकावर कलमवार चर्चा होती. सभागृह अर्धे रिकामे होते. शेवटच्या बाकावरच्या एका आमदारबाई ओळींवर बोट ठेवून वाचत होत्या. एका कलमापाशी त्यांनी हात वर केला. अध्यक्षांच्या आसनावरून कोणी पाहिले नाही. पुढचे कलम पुकारले गेले. हात तसाच राहिला. तो दुखू लागला असावा, कारण त्यांनी दुसऱ्या तळव्याने कोपराला आधार दिला.

ते काम होते. दिसणारे काम. परंतु माझ्या जागेवरून मध्ये खांब येत होता, आणि मोक्याच्या कोपऱ्यात सर्वांत ज्येष्ठ छायाचित्रकार उभे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या जागेला कोणी हात लावत नसे.

मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "स्वल्प सरी, अण्णा."

म्हणायचे होते, जरा सरकता का. कन्नडमध्ये सरी म्हणजे 'सर', बाजूला हो, असेही होते. मोठ्या माणसाला मात्र शेवटी आदराचा 'री' जोडावा लागतो. तो मी खाऊन टाकला होता.

अण्णांनी भुवया उंचावल्या. "मला 'सर' म्हणता, अक्का? अहो, मंत्रीसुद्धा मला 'सरा' म्हणतात!"

माफी अगदी ओठांवर आली होती. ती मी गिळली.

"हो. स्वल्प सरी."

ते गालात हसले आणि खरोखरच सरले.

खाली टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. मी बटण दाबले. आवाज घुमला. माना वर वळल्या. बाईंनीही पाहिले, पण हात खाली घेतला नाही. मी पुन्हा दाबले. मार्शल ओठांवर बोट ठेवून आला.

"आवाजाला बंदी आहे का?" मी विचारले.

तो घुटमळला. "बंदी नाही, मॅडम. पण अशा वेळी कोणी काढत नाही."

"मी काढते."

संध्याकाळी संपादकांनी सारी छायाचित्रे चाळली. "मान खाली कुठाय, अक्का?"

"एकही काढलेली नाही."

"हात वर केलेल्या बाईकडं कोण बघतंय ओ?"

"सभागृहातही कोणी बघत नव्हते. म्हणून तर काढले."

"मग पुढच्या अधिवेशनाचं अवघड हाय बघा."

या वेळी मी सरी म्हणाले नाही. मुखपृष्ठावर कुठलीतरी जुनी खाली घातलेली मान छापून आली. पण या अधिवेशनाचा पास अजून माझ्या गळ्यात होता.

सकाळी मी गॅलरीत शिरताच अण्णा आपणहून बाजूला झाले. "सरलो, अक्का. तोंड उघडू नका."

खाली सगळे शांत होते. मी बाके वाजण्याची वाट पाहिली नाही.